बाराव्या विसाव्यापाशी

जसधनला मरायची भीती नव्हती. त्र्याहत्तर वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले, डाव्या डोळ्यासमोर धुकं बसलं ते हलेना. आता आणखी किती ओढायचं? भीती होती ती मेल्यावर वाट चुकायची. आणि ही काही म्हाताऱ्याची उगाच किरकिर नव्हती. चाळीस वर्षं ताप्लुंगच्या मेलेल्या माणसांना त्यानंच वाटेला लावलं होतं. गावचा नाक्छोंग तो. पेरणीच्या आधी भूमीला कोंबडा द्यायचा, नव्या घराच्या चुलीचे तीन दगड बसवायचे, ही सगळी कामं त्याचीच. पण खरं काम एक. माणूस गेलं की त्याच्या उशाशी बसायचं, हातात आल्याचा तुकडा घ्यायचा आणि पूर्वजांच्या अंगणापर्यंतचा रस्ता त्याला तोंडी सांगत न्यायचा. ऊठ, चुलीला पाय लागू देऊ नकोस, उंबऱ्याबाहेर ये, हे अंगण, हा पेरू, आता उतार... असे एकवीस विसावे. एकविसाव्याला आपली माणसं उभी असतात. त्यांच्या हाती द्यायचं आणि आपण एकट्यानं परत यायचं.

हे सगळं आपल्या बोलीत. मेलेल्याला दुसरी बोली कळत नाही, असं आमच्या डोंगरात सगळे धरून चालतात. जिवंतपणी माणूस बाजारात नेपाळी बोलेल, पलटणीत हिंदी बोलेल, मलेशियात जाऊन आणखी काही बोलेल. मेला की ते सगळं गळून पडतं. आईच्या मांडीवर जे ऐकलं तेवढंच उरतं.

आता गंमत बघा. नाक्छोंगला स्वतःला स्वतः पाठवता येत नाही. त्याला दुसरा नाक्छोंग लागतो. आणि ताप्लुंगमध्ये दुसरा उरलाच नव्हता. जसधनचा एक शिष्य होता, चांगला होता, तो कतारला गेला आणि तिथं क्रेन चालवतो. जसधनचा मुलगा धरानला दुकानात. नातवंडांना बोली म्हणजे आजोबांनी खोकताना काढलेला आवाज. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मोबाइलमध्ये भरून ठेवा ना. आम्ही लावू."

"घरात कोणी मेलेलं नसताना तो रस्ता सरळ बोलायचा नसतो, गाढवा," जसधन म्हणाला. "ऐकणाऱ्याचा जीव चालायला लागतो. आणि तुझ्या त्या डबीला श्वास आहे का? जीव श्वासाच्या मागं जातो."

"बरं बाबा," मुलगा म्हणाला, आणि तिकडं कोणीतरी गिऱ्हाईक आलं.

राहता राहिला एक माणूस. हुंगा नदीच्या पलीकडं, खाम्तेलचा नाक्छोंग, बिर्खमान. वय शहात्तर. जसधनच्या बायकोचा थोरला भाऊ. चव्वेचाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

ताप्लुंग आणि खाम्तेल म्हणजे मुळात दोन सख्खे भाऊ. सात पिढ्यांमागं पूर्वजांच्या पूजेत डुकराचं मुंडकं थोरल्याच्या पानात जायचं, ते धाकट्याच्या पानात गेलं. कोणी वाढलं, मुद्दाम वाढलं की नजरचुकीनं, देव जाणे. थोरला उठला, नदी ओलांडून गेला आणि शपथ घातली: तुमचं मीठ नको, तुमची पोरगी नको, तुम्हांला आमची नाही. नदी पाच महिने फुगलेली असायची. उरलेले सात महिने माणसं फुगलेली.

बोली काय एका दिवसात फुटते होय? सून पलीकडून आली की तिच्या तोंडून चार शब्द घरात येतात, सासूचे चार तिला चिकटतात, असं करत दोन गावांचं बोलणं एकमेकांना धरून राहतं. इथं ते धरायचंच थांबलं. वर हट्ट. ताप्लुंगच्या पोरानं चुकून खाम्तेलसारखा हेल काढला की बाप थोबाडीत द्यायचा, "मुंडक्यासाठी रडणाऱ्यांसारखा बोलतोस?" तिकडंही तेच. ते जे म्हणतील ते आपण म्हणायचं नाही, एवढ्यासाठी आमच्या पणज्यांनी चांगले जुने शब्द टाकून दिले. सात पिढ्यांत असं झालं की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठाला निम्मी कळायची, आणि निम्म्याचं हसू यायचं.

आणि मेलेल्यांचा रस्ता? अकरा विसाव्यांपर्यंत दोघांचा एकच. बाराव्यापाशी एक अक्रोडाचं झाड आहे, तिथं फाटा फुटतो. ताप्लुंगचे उजवीकडं, खाम्तेलचे डावीकडं. भांडण मेल्यावरसुद्धा सुटलं नाही, बघा.

ती शपथ मोडली एकट्या जसधननं. जत्रेत नाचताना बिर्खमानच्या बहिणीचा, सांचमायाचा हात धरला आणि तिसऱ्या दिवशी तिला घेऊन नदी ओलांडली. खाम्तेलनं तिचं नाव टाकलं. ताप्लुंगनं तिला ठेवून घेतलं, पण तोंड उघडलं की बायका पदराआड हसायच्या. "पाणी आन म्हणते! कुठून उचलून आणलीस रे?" जसधनही हसायचा. तरुण होता, अक्कल कमी. वर्षभरात सांचमायानं आपलं बोलणं खरवडून काढलं, करपलेली कढई खरवडतात तसं. पुढं चाळीस वर्षं ती ताप्लुंगच्या बायांपेक्षा चोख ताप्लुंगचं बोलली. तीन वर्षांमागं ती वारली. जसधननंच तिला पाठवलं. दुसरं होतं कोण?

कार्तिकात, नाचणीची कापणी उरकल्यावर, जसधन झुलत्या पुलावरून पलीकडं गेला. तुंब्यात जांड, घरी आंबवलेली नाचणीची दारू, भरून घेतली होती. बिर्खमान ओसरीवर बसून बांबूच्या कामट्या काढत होता. दात सगळे गेलेले, पण हात अजून सुरीसारखे चालत होते. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"कोन मेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही."

"मंग कायले आला?"

"मीच मरणार आहे आता. म्हणून आलो."

"मर ना मंग. इथं कायले येऊन राहिला? तिकडं जागा नाई का तुमच्याइकडं?"

जसधननं तुंबा खाली ठेवला. रागानं कानशिलं तापली होती, पण गरज त्याची होती. त्यानं सांगून टाकलं: मला पाठवायला कोणी नाही. तुलाही नाही, तुझा पुतण्या चर्चमध्ये जातो हे मला माहीत आहे. मी तुझा रस्ता शिकतो, तू माझा शीक. जो आधी जाईल त्याला मागं राहिलेल्यानं त्याच्याच बोलीत पाठवायचं.

बिर्खमान बोळक्या तोंडानं हसला. "अन् जो मागं राह्यला त्याचं?"

"त्याचं वाटोळं."

"म्हंजे आपल्या दोघातून एकच जाणार."

"एक तरी जाईल की."

बिर्खमाननं सुरी बाजूला ठेवली. "तिले कोनत्या बोलीत पाठवलं तू?"

जसधनला वाटलं होतं हा प्रश्न शेवटी येईल. तो आधीच आला.

"आमच्या."

"समजलं असन तिले?"

"चाळीस वर्षं तेच बोलली ती. हेल काढून नाही, चोख."

"शेवटपर्यंत?"

इथं जसधननं खोटं बोलायला हवं होतं. त्याला ते जमलं नाही. सांचमाया शेवटचे तीन दिवस खाटेवर होती. पहिल्या दिवशी सकाळी त्यानं पेज पुढं केली, तर ती म्हणाली, "मले नाई पायजे." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याला वाटलं तापात बरळते. पण ती बरळत नव्हती. तीन दिवस ती स्वच्छ बोलली, आईबद्दल, गोठ्यातल्या डुकरांबद्दल, आणि सगळं खाम्तेलच्या बोलण्यात. ताप्लुंगचा एक शब्द तिच्या तोंडात उरला नव्हता. शेवटच्या दुपारी तिनं त्याचा हात धरून विचारलं, "मले समजन असं सांगशीन ना रस्ता?" तो "हो" म्हणाला. त्याला तो रस्ता येतच नव्हता.

हे सगळं त्यानं बिर्खमानला सांगितलं. बिर्खमाननं तुंबा उचलून त्याच्या अंगावर भिरकावला. जांड ओसरीभर झाली.

"नीघ," तो म्हणाला. "नीघ माह्या घरातून."

पाच दिवसांनी तो म्हातारा स्वतः पूल ओलांडून ताप्लुंगला आला. दोन काठ्या टेकत, तीनदा बसत. लोक घराबाहेर येऊन बघत होते. खाम्तेलचा नाक्छोंग ताप्लुंगच्या मातीवर, हे आमच्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. जसधनच्या ओसरीवर तो धपकन बसला आणि दम लागलेल्या आवाजात म्हणाला, "पाय जवाई, मी पाच दिवस इचार केला. थे कुठं हाय ते मले समजलं."

"कुठं?"

"बाराव्यापाशी. अक्रोडाखाली. तितलोक रस्ता एकच हाय, म्हून समजत समजत गेली. तिथून तू म्हने उजवीकडं वळ. तिले काय समजते तुहं? डावीकडं तिले कोनी बोलावलं नाई. उभी हाय तिथं. तीन वर्सं झाले, उभी हाय पोरगी."

तीन वर्षं रोज सकाळी चुलीच्या दगडापाशी तिच्या नावानं घास ठेवताना जसधनला हेच वाटायचं. फक्त त्याला कोणी ते मोठ्यानं म्हणून दाखवलं नव्हतं.

"मंग असं," बिर्खमान म्हणाला. "शिकतो मी तुहं, तू माहं शीक. जो आंधी जाईन, त्यानं तिले संगं घ्यायचं. मी गेलो तं मी तिले माह्या मायपाशी नेतो. तू गेला तं तुह्या इकडं ने, माही ना नाई. पन मले माह्या बोलीत पाठव. मले तुमच्या उजवीकडं ओढलं ना, तं मी भूत होऊन तुह्या छपरावर बसन."

"बस की. छप्पर गळतंय, तेवढं बघून घे," जसधन म्हणाला, आणि दोघंही हसले. हसता हसता बिर्खमानच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं बोटानं खाजवल्यासारखं करून पुसलं.

रस्ता सरळ बोलायचा नाही, तर शिकायचा कसा? बिर्खमाननं युक्ती काढली. उलटा. पूर्वजांच्या अंगणापासून घराच्या चुलीपर्यंत. त्या दिशेनं कोणाचा जीव जात नाही, झालंच तर परत येतो. मग रोज सकाळी, एक दिवस या काठाला, एक दिवस त्या काठाला, दोन म्हातारे समोरासमोर बसून एकमेकांना उलटे चालवायला लागले. एकवीस, वीस, एकोणीस. "तसं नाई बे, आवाज वर ने. तुम्ही लोकं शब्दाची शेपटी कापून टाकता." "आणि तुम्ही प्रत्येक शब्दाला शेपटी लावता. मेलेला माणूस त्यातच अडकून पडेल."

गंमत म्हणजे शिकता शिकता सापडायला लागलं. ताप्लुंगनं टाकलेला शब्द खाम्तेलनं जपून ठेवलेला, खाम्तेलचा हरवलेला ताप्लुंगच्या रस्त्यात दडलेला. कधी कधी एक जण अर्धी ओळ म्हणायचा आणि दुसऱ्याच्या तोंडून उरलेली अर्धी आपोआप बाहेर पडायची. डुकराच्या एका मुंडक्यापायी काय काय वाटून घेतलं होतं, ते तेव्हा कळायचं. ऐकायला मात्र दोघांशिवाय कोणी नव्हतं.

बाराव्या विसाव्याला बिर्खमाननं एक ओळ स्वतःची घातली. आमच्यात असं कोणी करत नाही, पण त्यानं केली. "बहिनीचा हात धर, डावीकडं वळ." जसधन ती ओळ म्हणताना दरवेळी अडखळायचा. बिर्खमान काठीनं त्याच्या गुडघ्यावर टोचायचा. "म्हन. पुन्हा म्हन."

थंडी वाढली तशी दोघांत एक वेगळीच शर्यत लागली. आधी कोण मरतो? जसधनला सर्दी झाली की बिर्खमान तोंड वाकडं करायचा. "लई घाई झाली का तुले?" बिर्खमानचं पोट बिघडलं की जसधन हळूच विचारायचा, "किती वेळा जाऊन आलास?" खाम्तेलची पोरं म्हणायची, म्हाताऱ्यांना वेड लागलंय. पण ज्याला जायचं होतं त्याच्यासाठी अक्रोडाखाली कोणीतरी उभं होतं, आणि जो मागं राहणार होता त्याच्यासाठी कुठंच कोणी नव्हतं. शर्यत लागणारच.

माघात बिर्खमान जिंकला. सकाळी जांडीचा घोट घेतला, भिंतीला टेकला, संपला. निरोप घेऊन आली त्याची नात, सिरिना. धरानच्या कॉलेजात शिकते, सुट्टीला आली होती. "आजोबा, तुम्हांलाच बोलवायचं असं सांगून ठेवलं होतं त्यांनी," ती म्हणाली. तिचं बोलणं शहरी, दोन्ही काठांचं नाही. जसधनला आधी हेवा वाटला, खरं सांगायचं तर. मग त्यानं आल्याचा तुकडा कनवटीला लावला आणि निघाला.

घर माणसांनी भरलं होतं. पुतण्या चर्चची गाणी न म्हणता एका कोपऱ्यात उभा राहिला, तेवढी त्यानं लाज राखली. जसधन उशाशी बसला. उलटं शिकलेलं सुलटं करायचं होतं. त्यानं डोळे मिटले, शेपटीकडून सुरुवात शोधली आणि बिर्खमानच्याच हेलात, शब्दांना शेपट्या लावत, बोलायला लागला. "बिर्खमान, ऊठ. चुलीले पाय लागू देऊ नको. उंबऱ्याच्या भाईर ये." म्हाताऱ्या बाया हुंदके द्यायला लागल्या. घराघरांत आता नेपाळीच चालायची, अर्थ कोणालाच पुरता कळत नव्हता, पण आवाज ओळखीचा होता.

सहा, सात, आठ. कुठं अडखळला नाही. दहा, अकरा. बारावा विसावा. अक्रोडाचं झाड त्याला समोर दिसलं, अगदी पानांसकट. आणि खाली ती. निळी चौकडीची लुंगी, कानात सोन्याची फुलं, पाय दुखल्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायची तशी उभी. "बहिनीचा हात धर," तो म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. श्वास कोंडला. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं घोट घेतला, श्वास घेतला आणि पुढं बोलायला लागला. एकवीसपर्यंत नेलं. घाम फुटला होता, पण मन हलकं झालं होतं. गेली एकदाची, भावासोबत. तिला समजेल असं कोणीतरी सांगितलं.

मातीवरून परतताना रीतीप्रमाणे वाटेवर काटे टाकले. मेलेल्यानं मागं यायचं नाही, जिवंतानं पुढं जायचं नाही. रस्ता एकाला एकदाच सांगायचा असतो. काटे पडले की संपलं.

चौथ्या दिवशी घर शुद्ध करायला जसधन पुन्हा पलीकडं गेला. कोंबडा झाला, जेवणं झाली. सिरिना त्याच्याजवळ येऊन बसली. हातात मोबाइल. डोळे रडून सुजलेले, पण चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचं समाधान.

"आजोबा, रागवू नका हं. तुम्ही त्यांना पाठवत होतात ना, ते मी सगळं घेतलंय. आमच्या बोलीतलं एवढं लांब आता कोणाकडेच नाही. खाली लिहिलंय, खाम्तेलची शेवटची बोली. किती लोकांनी बघितलं! लंडनहून काका रडले."

तिनं लावलं. जसधननं थांबवायला हात पुढं केला, पण स्वतःचा आवाज ऐकून हात तसाच राहिला. चांगला होता आवाज. बिर्खमान असता तर टोचायला जागा सापडली नसती. अकरा. बारा. बहिनीचा हात धर. खोकला, तांब्याचा आवाज, घोट. आणि मग तोच आवाज, एक क्षणही न अडखळता, शब्दांच्या शेपट्या कापत, चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाला: उजवीकडं वळ. पुढचे नऊच्या नऊ विसावे ताप्लुंगचे. ताप्लुंगच्या बोलीत.

जसधनच्या हातातली वाटी कलंडली. किनेम्याचा, आंबवलेल्या सोयाबीनचा, रस्सा मांडीवर सांडला, त्याला ते कळलंही नाही.

"भाजलं का आजोबा?"

"नाही."

"बरोबर आहे ना सगळं? मला तर काही कळत नाही. ही आमचीच बोली ना?"

ओसरीत पंधरा-वीस माणसं होती. सगळी खाम्तेलची. सगळ्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं, नंतर मोबाइलवर ऐकलं होतं. एकाच्याही कानाला खटकलं नव्हतं. सात पिढ्या ज्या फरकासाठी पोरांना थोबाडीत बसल्या, तो फरक ओळखणारा आता जगात एकटा जसधन होता. त्यानं त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. कपाळ सांचमायाचं होतं.

"तुमचीच आहे," तो म्हणाला.

"वाटलंच मला." ती हसली, नाक पुसलं. "आणि आजोबा, तुम्ही काळजी करू नका. तुमच्या वेळेला आम्ही हेच लावू. नाव तेवढं बदलता येतं आता, मोबाइलमध्ये सगळं होतं."

"हो का," जसधन म्हणाला. "बरं झालं."

परत येताना पुलाच्या मध्यावर तो थांबला. खाली हुंगा आटलेली होती, दगडांमधून एक पांढरी धार. ओलांडायला ढोपरभर पाणी. एवढ्याशा पाण्यानं काय केलं होतं. पाणी तरी कशाला म्हणा, पाण्याचं नाव. त्याला त्या अक्रोडाखाली आता दोघं दिसत होते. बिर्खमान चिडलेला, काठी आपटत विचारतोय, हा काय बोलून राहिला? उजवीकडं जायला कळत नाही, डावीकडं कोणी वळवलं नाही. त्यानं एवढं बजावलं होतं. एवढी एकच गोष्ट मागितली होती. जसधन कठड्याची तार धरून मोठ्यानं रडला. पुलावरून खेचरं घेऊन येणारा माणूस बिचारा पलीकडंच थांबून राहिला.

घरी आल्यावर त्यानं चूल पेटवली. तुंब्यातली जांड ओतली, आल्याचा तुकडा चुलीच्या दगडापाशी ठेवला. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, शेजारची बाई कोंबड्या कोंडत होती. रोज तो इथं सांचमायाशी बोलायचा. ताप्लुंगच्या बोलीत. रोज तिला न कळणाऱ्या बोलीत, तीन वर्षं.

आज त्यानं घसा साफ केला. एक एक शब्द बिर्खमाननं टोचून टोचून शिकवला होता, तसा काढला.

"सांचमाया, तुहा भाऊ आला पाय तिथं. माही चूक झाली. त्याले काही समजून नाई राह्यलं, त्याच्यावर चिडू नको. त्याचा हात धर. दोघं जनं बोला. मी तुले कधी बोलू नाई देल्लं, आता बोल, पोटभर बोल."

चुलीत एक लाकूड फुटलं.

"अन् मले पाठवाले कोनी नाई उरलं. माही वाट नको पाहू."